आरोग्यशिक्षणाची शाळा कशी पारखावी?

दहावीचा निकाल लागला की कंधार तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरात दोन हिशेब एकाच वेळी सुरू होतात. एक पेरणीचा, दुसरा लेकराच्या पुढील शिक्षणाचा. बियाण्याखतासाठी काढलेले कर्ज आणि प्रवेशासाठी लागणारी रक्कम एकाच गाठोड्यातून निघायची असते, आणि गाठोडे मुळातच लहान असते. मुलगी वा मुलगा जरा हुशार निघाला की पाव्हणेरावळे एकमुखाने सांगतात, ‘लातूरला घाला, डॉक्टर होईल.’ गुण बेताचे असले, तर नर्सिंग, पॅरामेडिकल, आरोग्यसेवा अशा नावांच्या पाट्या आणि हँडबिले पालकाला बोलावीत असतात. डॉक्टरकीचे स्वप्न आणि नोकरीची हमी या दोहोंच्या मध्ये उभा असलेला पालक मात्र निःशस्त्र असतो. बैल घेताना तो दात पाहतो, चाल पाहतो, जुंपून पाहतो. शाळा घेताना त्याला फक्त फलक पाहायला मिळतो. आरोग्याचे शिक्षण देऊ म्हणणारी शाळा कोणत्या कसोट्यांवर पारखावी, याचा विचार म्हणूनच अगत्याचा आहे.

हा प्रश्न केवळ एकेका कुटुंबाच्या भवितव्याचा नाही. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांतील १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा व औषधखरेदीचा प्रश्न न्यायालयाच्या पटलावर आला. कंधारपासून हे रुग्णालय सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. कुरुळ्याची, पेठवडजची वा बारूळची अडलेली बाळंतीण गावच्या उपकेंद्रातून आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे धाडली जाते, ती याच दारात. तेव्हा शिकलेली परिचारिका, प्रयोगशाळेतला जाणता तंत्रज्ञ, औषधे ओळखणारा फार्मासिस्ट हे तालुक्याच्या दृष्टीने चैनीचे विषय नव्हेत. ज्या घरातील मुलगी परिचर्या शिकायला निघते, त्याच घरातील आजी उद्या त्या परिचर्येअभावी मरू शकते. शिक्षणाचा आणि आरोग्याचा हा धागा ज्याला दिसत नाही, त्याला ग्रामीण भागाचे दुखणे समजले असे म्हणता येणार नाही.

मराठवाड्यात या धाग्याला इतिहास आहे. निजामी राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालेल्या या प्रदेशाला पहिले वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते १९५६ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. नांदेडला ते येण्यास १९८८ साल उजाडावे लागले. मध्यंतरीच्या काळात वैद्यकीय प्रवेशासाठी सत्तर-तीसचे सूत्र आले. विभागातील सत्तर टक्के जागा त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के राज्यातील सर्वांना, असा तो न्याय. ज्या विभागात महाविद्यालयेच मोजकी, तेथील मुलांना सत्तर टक्क्यांतही मोजक्याच जागा मिळणार, हे सांगायला गणिती लागत नाही. हे सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. अन्याय दूर झाला हे खरे. परंतु त्यामुळे कंधारचा विद्यार्थी आणि मुंबईचा विद्यार्थी एका रेषेवर आले, हे मात्र खरे नाही. रेषा एक झाली. तिथवर पोचण्याची वाट एक झालेली नाही.

ती वाट दाखवण्याचे काम कधीकाळी शाळेचे होते. याच मन्याड खोऱ्यात भाई केशवराव धोंडगे यांनी काढलेल्या शिक्षणसंस्थेच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द आहे. श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी हे नाव आज वाचताना थोडे जुनाट वाटेल. पण त्या एका शब्दात एक संपूर्ण विचार आहे. शिक्षण ही विकत घ्यायची वस्तू नाही आणि गुराख्याच्या पोरालाही ते त्याच्या गावाच्या टापूत मिळाले पाहिजे, हा तो विचार. लातूरच्या महाविद्यालयांनी नाव कमावले, तेही वर्गातल्या शिक्षकांच्या कष्टावर आणि पुन:पुन्हा घेतलेल्या सराव परीक्षांवर. पुढे त्या नावाभोवती खाजगी शिकवण्यांची बाजारपेठ उभी राहिली. महाविद्यालयात नाव आणि शिकवणीत मुक्काम, अशी दुहेरी व्यवस्था रूढ झाली. २०२४ च्या नीट परीक्षेतील गैरप्रकारांच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत येऊन पोचले, तेव्हा या बाजाराची दुसरी बाजूही लोकांना दिसली. त्यात प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या हजारो मुलांचा काय दोष? दोष आहे तो आरोग्याच्या शिक्षणाची सगळी किंमत एका परीक्षेच्या एका दिवसावर लावणाऱ्या व्यवस्थेचा.

म्हणून पहिली कसोटी आकड्यांची. निकालानंतर ‘आमचे इतके विद्यार्थी नीट पात्र’ असे फलक चौकाचौकांत लागतात. पालकाने हा ‘पात्र’ शब्द नीट समजून घ्यावा. २०२५ साली देशभरातून २२ लाखांवर विद्यार्थी या परीक्षेला बसले आणि १२ लाखांवर पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतील साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांतल्या. खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा, ज्याला पर्सेंटाइल म्हणतात त्या मोजणीत, पन्नासावर आणि राखीव गटांसाठी चाळिसावर असते. म्हणजे परीक्षेला बसलेल्यांतील निम्म्याहून अधिक पात्र ठरणार, हे नियमातच लिहिलेले आहे. मग ‘पात्र’ हा पराक्रम कसा? शाळेला विचारायचा खरा प्रश्न असा की, अकरावीला किती मुले घेतली, त्यांतील किती बारावी उत्तीर्ण झाली, किती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गेली, आणि उरलेली कुठे गेली? या शेवटच्या प्रश्नाला जी संस्था उत्तर देऊ शकत नाही, तिला आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांची आठवणच नाही असे समजावे. पाच मुलांची छायाचित्रे फलकावर लावणारी शाळा पाचांची असते. पालकाचे लेकरू बहुधा त्या पाचांबाहेरचे असते.

दुसरी कसोटी मान्यतेची. आरोग्याच्या क्षेत्रात प्रमाणपत्राचा कागद आणि काम करण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. परिचारिका म्हणून काम करायचे तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी हवी, आणि ती होण्यासाठी संस्थेचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. आणि तिन्हींना बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक. पहिल्या दोहोंना कोणत्याही शाखेची बारावी चालते, मात्र इंग्रजी विषय हवा, बी.एस्सी.ला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते. तेव्हा दहावीवर सहा महिन्यांत नर्स करून देतो असे कोणी म्हणत असेल, तर तो पालकाची फसवणूक करीत आहे. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह अशा कामांसाठी २०२१ साली केंद्राने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा केला. संलग्न आरोग्य व्यवसायाची पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली असावी, असे त्यात म्हटले आहे. हँडबिलावरील अभ्यासक्रम या मापात बसतो काय, एवढे विचारले तरी पुष्कळ दुकाने आपोआप उघडी पडतील.

येथेच शाळेतल्या आरोग्य विषयाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. समग्र शिक्षा अभियानाखाली राज्यातील काही सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत नववीपासून ‘आरोग्यसेवा’ हा व्यवसाय विषय शिकवला जातो. नाडी मोजणे, ताप पाहणे, हात निर्जंतुक करणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलणे, प्रथमोपचार करणे, अशी अत्यंत उपयोगी कामे मुलांना त्यात कळतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा शास्त्रीय पद्धतीने करणारे पोर घडणे हीदेखील लहान गोष्ट नाही. परंतु हा विषय म्हणजे परिचारिकेचा अभ्यासक्रम नव्हे. त्यातून फार तर रुग्णसाहाय्यकाचे कौशल्य मिळते. शाळेने हे आधीच सांगितले तर ती प्रामाणिक. प्रवेश झाल्यावर सांगितले तर ती अप्रामाणिक. हा विषय घेताना विज्ञान, गणित आणि इंग्रजी यांचे तास कमी होत नाहीत ना, हेही पालकाने पाहावे. इंग्रजी कच्चे राहिलेली मुलगी एएनएमच्या उंबरठ्यावर अडते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी कसोटी रुग्णालयाची. आरोग्याचे शिक्षण फळ्यावर पुरे होत नाही. मुले रुग्णालयात किती दिवस जातात, कोणत्या विभागात उभी राहतात, त्यांना शिकवायला तेथे कोण असते, आणि रुग्णालयात खाटा किती व रुग्ण किती, हे विचारल्याशिवाय प्रवेश घेऊ नये. कागदावर जोडलेल्या आणि प्रत्यक्षात रिकाम्या पडलेल्या रुग्णालयात कोणतीही परिचारिका घडत नाही. याची दुसरी बाजूही आहे. शिकाऊ मुलामुलींना झाडलोटीपासून रात्रपाळीपर्यंत फुकट राबवून घेणे म्हणजे प्रात्यक्षिक नव्हे. रुग्णालयातील रिक्त पदे विद्यार्थ्यांच्या घामाने भरून काढण्याची युक्ती ज्या व्यवस्थापनाला सुचते, ते व्यवस्थापन रुग्णाचेही हित पाहत नाही आणि विद्यार्थ्याचेही.

चौथी कसोटी शिकवणाऱ्यांची. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला कुलूप असेल तर आरोग्यशिक्षणाच्या गोष्टी व्यर्थ आहेत. अकरावीच्या वर्गाला भौतिकशास्त्राचा पूर्णवेळ शिक्षक आहे काय? तो तासिकेवर येतो की कायम सेवेत आहे? व्यवसाय विषयाचे प्रशिक्षक तर बहुधा खाजगी पुरवठादार संस्थांमार्फत, कंत्राटावर नेमले जातात. आज आहे आणि पुढच्या जूनमध्ये असेलच याची शाश्वती नाही, अशा प्रशिक्षकाने मुलांना स्थिर भविष्याची स्वप्ने दाखवावीत, हा विपर्यास नव्हे काय? शाळेचा दोष आणि शासनाचा दोष यांत मात्र भेद करावा. शिक्षक मागूनही मिळत नसेल, तर पालकांनी मुख्याध्यापकाच्या दारात नव्हे, शिक्षणाधिकाऱ्याच्या दारात बसले पाहिजे.

पाचवी कसोटी खर्चाची, आणि तिच्यात मुलींचा प्रश्न आला. शुल्काचा आकडा हा खर्चाचा केवळ आरंभ असतो. खोलीभाडे, खाणावळ, शिकवणी, पुस्तके, परीक्षेच्या गावचा प्रवास ही सारी बेरीज दोन वर्षांची करून मगच निर्णय घ्यावा. आणि पहिल्या प्रयत्नात यश न आल्यास तिसरे वर्ष लागते, तेही त्यात धरावे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. पण पास हाती असून गाडीच वेळेवर नसेल, तर त्या पासाचे काय करायचे? तांड्यावरचे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलगी कोणाच्या घरी राहणार? वसतिगृह नसलेली शाळा अशा मुलीसाठी अस्तित्वातच नसते. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांच्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. म्हणूनच, ज्या संस्थेत प्रवेश या प्रक्रियेबाहेर, थेट पैसे मोजून होतो, तेथे ही सवलत बुडते, हे प्रत्येक मुलीच्या बापाला माहीत असले पाहिजे.

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. श्रीमंताच्या मुलाने डॉक्टर व्हावे आणि शेतमजुराच्या मुलीने परिचारिका, असे सुचवणे म्हणजे जुन्या उतरंडीला नवे नाव देणे नव्हे काय? व्यवसायशिक्षणाच्या नावाखाली बहुजनांच्या मुलांना खालच्या पायरीवर थोपवून धरण्याचा डाव पूर्वीही खेळला गेला आहे, तेव्हा ही शंका अनाठायी नाही. तिचे उत्तर एवढेच की, चांगली शाळा वरची पायरी कधीच बंद करीत नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या सार्वजनिक शाळा मंडळाने बेलर वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने १९७२ साली आरोग्यव्यवसायांसाठी माध्यमिक शाळा काढली. शल्यविशारद मायकेल डिबेकी यांचे नाव पुढे तिला देण्यात आले. रुग्णालयाची ओळख आणि विज्ञानाचा पूर्ण अभ्यास तेथे हातात हात घालून चालतात. शाळा सार्वजनिक पैशावर चालते. तिच्यातही प्रवेश निवडीने होतो, आणि ती उणीव झाकण्याचे कारण नाही. पण माध्यमिक शाळा आणि वैद्यकीय महाविद्यालय यांनी एकमेकांशी बोलावे, ही कल्पना घेण्यासारखी आहे. नांदेडचे महाविद्यालय आणि कंधारच्या शाळा यांच्यात असा एखादा पूल का असू नये?

उलट बाजूने जामखेडचे उदाहरण तर मराठवाड्याच्या वेशीवरचेच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर, दलित आणि गरीब घरांतल्या स्त्रियांना त्यांनी बाळंतपण, बालपोषण आणि स्वच्छता यांचे ज्ञान दिले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण खरा गौरव त्या बायांचा होता, ज्यांच्या शब्दाला गावाने मान दिला. ज्ञान खालच्या थरापर्यंत जाऊ दिले तर तो थर खालचा राहत नाही, हा जामखेडचा धडा आहे. परिचारिका होणे कमी प्रतीचे नाही. तिला कमी प्रतीचे वेतन आणि कंत्राटी जिणे देणे हे मात्र हीन आहे. २०२३ साली राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना सेवेत सामावून घेण्यासाठी संप करावा लागला, हे विसरता येत नाही. शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीसाठी पदच मंजूर होत नसेल, मंजूर पद भरले जात नसेल, तर उत्तमातली उत्तम शाळाही तिला न्याय देऊ शकणार नाही.

म्हणून पालकाच्या कसोट्यांबरोबर शासनाचीही कसोटी लागली पाहिजे. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र, तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे मापदंड शासनाचेच आहेत. त्या मापाने कंधार तालुक्याला किती परिचारिका, किती तंत्रज्ञ लागतात, हे काढणे अवघड नाही. ती गरज समोर ठेवून तालुक्यात निदान एक सार्वजनिक शाळा अशी असावी की, जेथे नववीपासून आरोग्याचा विषय, अकरावी-बारावीला सुसज्ज विज्ञान शाखा, मुलींचे वसतिगृह, ग्रामीण रुग्णालयाशी लेखी जोडणी आणि नीटची मोफत तयारी ही पाचही अंगे एका छताखाली असतील. डॉक्टर होणारा तेथून डॉक्टर होईल, परिचारिका होणारी परिचारिका होईल. आणि कोणीही ‘उरलेला’ ठरणार नाही. यासाठी गगनचुंबी इमारत नको. शाळा आहेत, रुग्णालय आहे, मुले आहेत. नाही ती त्यांना जोडणारी इच्छाशक्ती.

तोवर पालकांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. अनुदानित संस्थेचा हिशेब मागण्याचा अधिकार २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक ही सही करून उठून येण्याची जागा नव्हे. गेल्या तीन वर्षांत किती मुले आली, किती टिकली, कोणती मुले कुठे पोचली, हा तक्ता शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावा, अशी मागणी गावागावांतून झाली पाहिजे. एकटा पालक असा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला दार दाखवले जाते. पन्नास पालक विचारतात तेव्हा त्यांना खुर्ची दिली जाते.

शाळेची प्रत तिच्या पहिल्या क्रमांकावरून ठरवण्याची सवय आता मोडली पाहिजे. पहिला आलेला मुलगा कोणत्याही शाळेत पहिलाच आला असता. बेताच्या गुणांची, इंग्रजीला भिणारी, वर्षातले चार महिने आजीजवळ राहणारी मुलगी ज्या शाळेतून मान ताठ ठेवून आरोग्यसेवेत उभी राहते, ती शाळा चांगली. या एका मापाने पारखायचे ठरले, तर कंधारच्या पालकाला लातूरच्या फलकांची भूल पडणार नाही. आणि ज्यांनी फलक लावले, त्यांनाही आपला हिशेब नव्याने मांडावा लागेल.